न पिणाऱ्याची दारू

"किती घेता?" मी विचारलं.

"एक क्वार्टर."

"रोज?"

"हाव. रोज."

"पाणी किती टाकता त्यात?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "पाणी कायले? थे तं बाटलीतच राह्यते ना."

मी पेन खाली ठेवलं. समोर बसलेला माणूस तिशी ओलांडलेला, अंगाने काटक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर राहणारा आणि दारव्हा-दिग्रस रस्त्यावर काळी-पिवळी, म्हणजे आमच्याकडची शेअर जीप, चालवणारा. त्याचं नाव आपण प्रेमदास ठेवू. खरं नाव मी बदललं आहे, आणि हे लिहिण्याआधी त्याला आणि त्याच्या बायकोला विचारलं आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मी गोळ्या देत नाही, ते काम सायकियाट्रिस्टचं. मी माणसाशी बोलते, त्याला बोलतं करते आणि त्याच्या सवयींचा गुंता त्याच्याच हाताने सोडवून घेते. आमच्या संस्थेची टीम यवतमाळहून बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला ओपीडी घ्यायला येते. बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला आहे. त्या दिवशी तू दारव्ह्याला कशाला आलास, असं कोणी कोणाला विचारत नाही. बाहेरच्या बोर्डावर 'मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती' असं लिहिलंय. लोक त्यातला फक्त शेवटचा शब्द वाचतात आणि आम्हाला 'दारूवाला दवाखाना' म्हणतात.

या दारूवाल्या दवाखान्यात मी बरीच वर्षं घालवली. 'आपण तर हात लावत नाही मॅडम' असं म्हणणारे, आणि म्हणताना ज्यांच्या तोंडाच्या वासाने माझं डोकं दुखायला लागतं असे, शेकड्याने पाहिले. पण पीत नसताना पितो म्हणून शपथेवर सांगणारा हा पहिलाच.

बाजूच्या खोलीत डॉक्टर वानखडे बसतात. आमचे सायकियाट्रिस्ट आणि माझे बॉस. वयाने माझ्याहून लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. त्यांनी प्रेमदासच्या रक्ताचे रिपोर्ट पाहिले.

"ताई, याचं लिव्हर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"सर, हा पीतच नाही."

"मग दारू सोडायला का आलाय?"

"तेच विचारायला जाते."

परत येऊन मी खुर्ची थोडी पुढे घेतली. "प्रेमदासभाऊ, तुम्ही दारू पीत नाही."

चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "पेतो ना मॅडम!"

"कधी घेतली शेवटची?"

"होळीले."

"किती?"

"तोंडाले लावली होती. मंग थुकली."

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. त्याचे हात मांडीवर होते आणि ते तो एकमेकांत असे दाबत होता की नखं पांढरी पडली होती. काहीतरी आहे आणि ते दारूपेक्षा सांगायला कठीण आहे, एवढं मला कळलं. मी गप्प बसले. आमच्या कामात गप्प बसणं हेही शिकावं लागतं, आणि माझ्यासारख्या बोलभांड बाईला ते फार उशिरा जमलं.

"बाईमाणसासमोर कसं सांगू," तो म्हणाला.

"सर आहेत बाजूला. त्यांच्याकडे पाठवते."

"नाही नाही. आता इथं बसलो तं बसलो."

त्याने दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची अडचण मला ओळखता आली, कारण ती माझीही आहे. या विषयावर मराठीत दोनच तऱ्हेचे शब्द आहेत. एक पुस्तकी, जे उच्चारले की माणूस कोर्टात साक्ष देतोय असं वाटतं. दुसरे पानठेल्यावरचे, जे माझ्यासमोर त्याच्या जिभेवर येणार नव्हते. मधला शब्दच नाही. माणसाने सांगावं तरी कशात?

"तुमच्या घरच्या बोलीत सांगा," मी म्हटलं. घरात तो गोर बोली बोलणार, बंजारा समाजाची.

"तुम्हाले समजते काय?"

"एक अक्षर नाही."

"मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला.

बराच वेळ बोलला. आधी अडखळत, मग भरभर. मला मधूनमधून 'मोबाईल', 'डाटा', 'व्हिडिओ' एवढे शब्द ऐकू येत होते. एकदा त्याचा आवाज चिरकला. एकदा त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण खांदे खाली आले होते.

"समजलं काय मॅडम?"

"शब्द नाही समजले. गोष्ट समजली."

त्यानंतर तो मराठीत आला. एकदा बाहेर पडलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं.

तसले व्हिडिओ तो काही वर्षांपासून बघत होता. सुरुवातीला स्टँडवर नंबर लागेपर्यंत वेळ घालवायला. मग घरी सगळे झोपल्यावर. मग रोज. बंद करायचं ठरवायचा, डिलीट करायचा, मोबाईल बाजेखाली ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा काढायचा. बघताना मजा यायची का, असं मी विचारलं. म्हणाला, "मजा कधीचीच गेली मॅडम. आता नुसती खाज हाय." बायकोशी बोलणं कमी झालं होतं. तिच्याकडे नीट बघवत नव्हतं. कुठल्याशा तंबूतल्या वैद्याने 'नसांची कमजोरी' म्हणून महागडी पावडर गळ्यात मारली होती, ती निमूटपणे खाऊन झाली होती.

आणि झोप नव्हती. एका सकाळी भरलेली जीप चालवताना त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात गेली. नशीब असं की कोणाला लागलं नाही. पण शेजारी बसलेली एक म्हातारी त्याच्या बाहीला धरून थरथरत होती, आणि तिचा तो हात त्याला विसरता येत नव्हता. गाडी दिग्रसच्या एका शेठची. शेठने विचारलं, "पेऊन गाडी चालवतं काय बे?" प्रेमदास म्हणाला, "हाव."

त्या एका 'हाव'मध्ये सगळ्यांचं समाधान झालं. दारुड्याला जगात जागा ठरलेली आहे. त्याला शिव्या कोणत्या द्यायच्या, दंड किती करायचा, कुठल्या दवाखान्यात पाठवायचं, सगळं ठरलेलं. शेठने बजावलं, दारू सोडवून ये, नाहीतर चावी ठेव. म्हणून तो आमच्याकडे आला. जे खरं होतं ते सांगण्यापेक्षा दारुडा होणं त्याला स्वस्त वाटलं.

"आधी एक गोष्ट," मी म्हटलं. "झोप जागेवर येईपर्यंत गाडी चालवायची नाही."

मला वाटलं वाद घालेल. त्याने खिशातून चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "शेठले आजच देतो. थ्या म्हातारीचा हात मले अजून जाणवते."

तेव्हाच हा माणूस मला आवडायला लागला.

आता उपचाराबद्दल थोडं सांगते. लोकांना वाटतं आम्ही उपदेश करतो. उपदेशाने बरं होणार असतं तर प्रेमदास कधीच बरा झाला असता. रोज रात्री तो स्वतःला जेवढा उपदेश करायचा तेवढा मी जन्मात केला नसता. याला व्यसन म्हणावं की आणखी काही, यावर आमच्या क्षेत्रातच एकमत नाही. मी त्या वादात पडत नाही. माणूस स्वतःच्या मर्जीविरुद्ध एखादी गोष्ट करतो आहे, थांबवता येत नाही आणि त्यात त्याचं नुकसान होतंय, एवढं मला काम सुरू करायला पुरतं. कोणाला त्रास देण्यापर्यंत गोष्ट गेली आहे का, कायद्याने गुन्हा ठरेल असं काही बघता का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे प्रश्न मी आडपडदा न ठेवता विचारते. तिन्हींची उत्तरं नाही अशी आली. मग आम्ही मागचा रस्ता शोधतो. मोबाईल हातात आला, त्याच्या आधी काय झालं? त्याच्या आधी? प्रेमदासच्या बाबतीत दर वेळी आधी एकटेपणा असायचा, किंवा कोणीतरी केलेला अपमान. शेठ बोलला, त्या रात्री हमखास.

दुसरी गोष्ट म्हणजे तलफ. तलफ आली की माणसाला वाटतं, आता हिचं ऐकलं नाही तर ही वाढत वाढत आपला जीव घेईल. तसं होत नाही. ती चढते, थोडा वेळ थांबते आणि उतरते. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, फक्त तिला येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं. हे मी सगळ्यांना सांगते. सगळे मान हलवतात आणि कोणाला पटत नाही.

प्रेमदासला पटलं, पण माझ्या भाषेत नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, आमच्या स्टँडवर नंबर असते. माहा नंबर तिसरा असला तं पयली गाडी भरल्याशिवाय मले पॅसेंजर घेता येत नाही. कितीबी घाई करो. मी आता तिले तसंच सांगतो. आली तं आली बाप्पा, उभी राह्य. तुहा नंबर नाही आला."

"मग?"

"उभी राह्यते. मंग कंटाळून निघून जाते."

मी ते जसंच्या तसं उचललं. आता यवतमाळच्या शिकल्यासवरल्या पेशंटांनाही मी नंबराचीच गोष्ट सांगते, आणि ती त्यांना माझ्या आधीच्या सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा लवकर कळते.

मोबाईल रात्री त्याच्या आईच्या खोलीत चार्जिंगला जायला लागला. प्रेमदास दिवसा शेतावर जायला लागला. संध्याकाळी थकून झोप यायला लागली. सगळं सरळ चाललं होतं. त्यामुळे मला जरा धाकधूकच होती. आमच्या कामात सगळं सरळ चाललं की काहीतरी येणार असतं.

ते एका बाजाराच्या दिवशी, साध्या गोल साडीत, हातात भाजीची पिशवी घेऊन आलं. खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच बोललं.

"मी प्रेमदासची बायको, शीला. मॅडम, माहा नवरा दारू पेत नाही."

मी समोरच्या खुर्चीकडे हात केला. ती बसली नाही.

"माहा बाप हातभट्टीची पेऊन मेला. मले वास पाच घरावरून समजते. लग्न जमलं तवा मी एकच इचारलं होतं, पोरगा पेते काय. हा पेत नाही म्हणून मी हाव म्हणलं. आता अख्खा तांडा म्हणून राह्यला, शीलाचा नवरा दारूवाल्या दवाखान्यात जाते. तुम्ही त्याले कायची गोळी देऊन राह्यले?"

"शीलाताई, इथे कोण येतं आणि कशासाठी येतं, ते मी कोणालाच सांगत नाही. तुम्ही आलात हेही मी कोणाला सांगणार नाही."

"मी त्याची बायको हाय!"

"तरीही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग होताच, पण त्याखाली भीती होती. खालच्या आवाजात म्हणाली, "दुसरी ठेवली काय त्याने?"

या कामात काही क्षण फार वाईट असतात. मी 'नाही' म्हणाले असते तर त्या बाईच्या उरावरचा धोंडा उतरला असता. पण आज एक प्रश्न तिच्यासाठी उघडला की उद्या दुसरा उघडावा लागतो, आणि मग भिंतीकडे बघून बोलायलाही कोणी या खोलीत येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही त्यांनाच विचारा. आणि दोघांना वाटलं तर दोघं मिळून इथे या."

"लवकर यावं लागन मॅडम. माह्या भावाईनं नसाब बोलावली."

नसाब म्हणजे तांड्याची बैठक. नायक आणि जाणती माणसं बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि निवाडा देतात. शीलाचे भाऊ दिग्रसकडच्या तांड्यावरून येणार होते. त्यांचं म्हणणं होतं, बाप दारूत गेला, आता बहीण त्याच घरात सडू देणार नाही. जावयाने बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांसमोर दारू सोडल्याची शपथ घ्यावी. नाहीतर बहिणीला आम्ही घेऊन जातो.

पुढच्या बाजारी दोघं आले. पण आधी प्रेमदास एकटा आत आला, आणि चक्क खुशीत होता.

"मॅडम, काम झालं! शपथ घेऊन टाकतो."

"कसली?"

"दारू पेणार नाही म्हणून. खोटं काय हाय त्यात? पेत नव्हतो, पेणार नाही. देवाजवळबी खोटं नाही पडत. भाऊ खुश, नायक खुश, शेठ खुश. थे दुसरं कोणाले सांगाचं कामच नाही."

खरं सांगते, क्षणभर मला त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं. सरांना सांगितलं तर तेही म्हणाले, "घेऊ द्या की ताई. जगातली सगळ्यात सोपी शपथ आहे."

"आणि शीलाताईंना काय सांगणार?" मी प्रेमदासला विचारलं. त्यांना माहीत आहे की तुम्ही पीत नाही, हे मी बोलले नाही. ते बोलायची गरजही नव्हती. त्याचा चेहरा उतरला.

"तिले समजलं तं थे जाईन मॅडम."

"न समजताही जायला निघाल्या आहेत."

तो खाली बघत बसला. जे केलं नव्हतं त्यासाठी बायको निघाली होती, आणि तिला थांबवायचं तर जे केलं होतं ते सांगावं लागणार होतं. सांग, असा आग्रह मी केला नाही. तो निर्णय त्याचाच होता. शेवटी तो म्हणाला, "बोलवा तिले."

शीला येऊन बसली. प्रेमदासने मला विचारलं, "मॅडम, आमच्या बोलीत सांगू?"

"सांगा."

या वेळी तो भिंतीकडे वळला नाही. तिच्याकडे तोंड करून बोलला. मी दोघांकडे बघत होते. शीलाचा चेहरा आधी दगडासारखा होता. मग कपाळाला आठी पडली. मग तिने मध्येच काहीतरी विचारलं, तिखट आवाजात. त्याने उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा दिलं. तो एकदाही थांबला नाही, आवाज चढवला नाही, मला मध्ये बोलावलं नाही. दोषी माणूस बहुतेक वेळा मध्येच माझ्याकडे बघतो, म्हणजे मी त्याच्या वतीने चार शब्द बोलावेत. याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. इतका सरळ कबुलीजबाब मी फार थोड्या वेळा पाहिला आहे, आणि यातला एक शब्दही मला कळला नव्हता.

मग शीला रडली. रडणं झाल्यावर पदराने तोंड पुसून तिने मला मराठीत विचारलं, "माह्यात काही कमी हाय काय?"

"नाही."

"हे तुम्ही सगळ्याईले सांगत असान."

"हो. कारण सगळ्याच विचारतात."

मी तिला समजावलं, की ही सवय पुष्कळदा लग्नाच्या आधीपासूनची असते, कंटाळ्यातून आणि मनाच्या बोचऱ्या जागांमधून वाढते, आणि शेजारी कोण झोपलंय याच्याशी तिचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. तिला किती पटलं ते माहीत नाही. "तरीबी मले लागलं," ती म्हणाली. मी म्हटलं, लागणारच. लागू नये असं मी म्हणतच नाही.

प्रेमदासला वाटलं आता सगळं सांगून झालं, सुटलो. त्याने हळूच शपथेचा विषय काढला. आणि शीला अशी उसळली की बाजूच्या खोलीतून सरांनी दार उघडून पाहिलं.

"कायले शपथ घेतं? तू पेतं काय? शपथ घेतली तं मी आधी दारुड्याची बायको, मंग सुधरेल दारुड्याची बायको! माहे लेकरं कोण्या तोंडाने सांगतीन, बाप पेत होता म्हणून? जे केलं त्याचं मी पाहीन घरी. जे केलं नाही त्याचा डाग मी लावून घेत नाही."

"मंग काय सांगू नसाबीत? थे सांगू?" प्रेमदास रडकुंडीला आला.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. इथे मात्र माझं काम होतं. मी म्हटलं, "खोटं बोलायचं नाही म्हणजे सगळं उघडं करायचं असं नाही. किती सांगायचं आणि कोणाला, हे तुम्ही ठरवा. पण सांगाल तेवढं खरं असू द्या." मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं, तो काय बोलेल. त्याने ते दोनदा म्हणून दाखवलं.

नसाबीला मी नव्हते. जे घडलं ते शीलाने मला पुढच्या बाजारी सांगितलं. या वेळी ती खुर्चीवर मांडी घालून बसली होती, आणि आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जात होता.

"सगळे बसले होते मॅडम. मी बायांत होती. माहा मोठा भाऊ म्हणे, घे शपथ. हा उभा राह्यला. म्हणे, 'मी शपथ घेत नाही. मी दारू पेत नाही, कधी पेली नाही. शेठले पेतो म्हणलं थे खोटं बोललो. गाडी गेली कारण झोप नव्हती. झोप नव्हती मोबाईलपायी. मोबाईलमध्ये काय थे माहं अन् माह्या बायकोचं हाय. इलाज चालू हाय. बरा होऊन राह्यलो.' बस. एवढं बोलून उभाच राह्यला."

"आणि मग?"

"कोणी बोलेच ना! नायक म्हातारा हाय, थे म्हणे, मोबाईलपायी म्हणजे कसं? पण मॅडम, मोबाईल म्हणल्याबरोबर चार-पाच जणाईनं माना खाली घातल्या. मी पाह्यलं ना! बसल्याबसल्या खिसे चाचपून राह्यले होते. त्याईतलाच एक कारभारी म्हणे, जाऊ द्या नायक, पोरगा खरं बोलते, मिटवा. लय घाई झाली त्याले मिटवाची."

"तुमचा भाऊ?"

"माह्या भावाची मान तं सगळ्यात खाली होती," शीला म्हणाली, आणि पदर तोंडावर घेऊन हसली.

तिचं हसणं मला फार आवडलं. मला त्या दोघांचा अभिमान वाटला, आणि हे सांगायला मला संकोच नाही. भरल्या बैठकीत, जिथे एक सोपी शपथ घेऊन सुटता आलं असतं, तिथे उभं राहून जेवढं खरं तेवढंच बोलणं सोपं नाही. आणि नवऱ्यावरचा स्वतःचा राग बाजूला ठेवून त्याच्यावरचा खोटा डाग पुसायला भावांशी भिडणं, हे त्याहून अवघड. पुस्तकात याला 'कुटुंबाचा आधार' म्हणतात. शब्द फारच बेताचा आहे.

सगळं तिथेच संपलं नाही. शीलाचा राग बरेच दिवस टिकला आणि मी तो लवकर घालवायचा प्रयत्न केला नाही. मध्ये प्रेमदास एकदा घसरलाही. तोंड पाडून आला आणि म्हणाला, सगळं पाण्यात गेलं. मी म्हटलं, एका फेरीला टायर पंक्चर झाला म्हणून गाडी भंगारात देता का? त्याने विचार करून सांगितलं, "नाही. स्टेपनी लावतो." मग आम्ही त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते शोधलं. झोप नियमित झाल्यावर सरांनी तपासलं आणि गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. शेठला प्रेमदासने स्वतः जाऊन खरं सांगितलं, तांड्यात सांगितलं तेवढंच. शेठने थोडी कुरकुर केली आणि चावी दिली. आता तो अधूनमधून येतो. शीला सोबत असते. येताना दोघं बाजार करून येतात आणि कोथिंबीर महाग झाल्याबद्दल माझ्या खोलीत भांडतात. मला ते भांडण ऐकायला बरं वाटतं.

या केसनंतर आमच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, की अशा लोकांसाठी बोर्डावर एक ओळ वाढवावी. कोणीतरी शुद्ध मराठीत एक लांबलचक नाव सुचवलं. सर म्हणाले, हे वाचून माणूस रस्त्याच्या पलीकडून जाईल. दुसरं नाव सुचेना. बोर्ड आहे तसाच राहिला. बाहेर कितीही चांगला शब्द लिहिला तरी माणूस तो वाचून आत येत नाही, आधी कोणीतरी आत जाऊन धड बाहेर आलेला त्याला दिसावा लागतो, एवढं मी शिकले.

काही बाजार गेले. एक माणूस आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला, गुडघे चोळत राहिला. चेहरा ओळखीचा नव्हता. मी गप्प बसले.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "थे प्रेमदासले जे होतं ना, थेच हाय मले."

"कोण प्रेमदास?" मी म्हटलं. "मी कोणत्याच प्रेमदासला ओळखत नाही."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हाव हाव," तो म्हणाला, "मीबी नाही ओळखत."